विल्यम फिट्झऑसबर्न
(मृत्यू २२ फेब्रुवारी १०७१). नॉर्मन सरदार, इंग्लंडच्या स्वारीतील विल्यम द काँकररचा सर्वांत जवळचा साथीदार आणि हेरफर्डचा अर्ल. ‘फिट्झ’ म्हणजे अमक्याचा मुलगा. त्याचे आडनाव बापाच्या नावावरूनच पडले, आणि त्याच्या आयुष्याची दिशाही बापाच्या मृत्यूनेच ठरली.

बाप ऑसबर्न हा नॉर्मंडीच्या ड्यूकचा कारभारी. ड्यूक रिचर्ड पहिला याची पत्नी गन्नोर ही ऑसबर्नची आत्या. ऑसबर्नची बायको एमा ही इव्रीचा काउंट राउल याची मुलगी, आणि हा राउल रिचर्डचा सावत्र भाऊ. म्हणजे ड्यूकच्या घराण्याशी नाते आई आणि बाप दोन्हींकडून. १०३५ मध्ये बाल विल्यम (पुढचा विल्यम द काँकरर) ड्यूक झाला आणि त्याला सांभाळणाऱ्यांचे एकामागून एक मुडदे पडू लागले. १०४० च्या सुमारास व्होद्रय येथे ऑसबर्न बालड्यूकच्या शयनगृहात झोपला असताना माँगमरी घराण्यातील एकाने त्याचा गळा चिरला. ड्यूक वाचला. त्या रात्रीचे ऋण पुढे दोन्ही मुलांच्या मैत्रीत उतरले असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. पुढे बापाचे कारभारीपद मुलाकडेच आले.

१०६६ मध्ये समुद्रापलीकडच्या इंग्लंडवरील स्वारीला अनेक सरदार कचरत होते. त्यांना राजी करण्यात फिट्झऑसबर्नचा पुढाकार होता. जहाजांच्या एका जुन्या यादीत त्याच्या नावावर ६० जहाजे आहेत. विजयानंतर ड्यूक विल्यम इंग्लंडचा राजा झाला आणि फिट्झऑसबर्नला हेरफर्ड आणि वाइट बेट मिळाले. १०६७ मध्ये राजा नॉर्मंडीला परतला तेव्हा इंग्लंडचा कारभार त्याने फिट्झऑसबर्न आणि आपला सावत्र भाऊ बिशप ओदो यांच्यावर सोपवला. वेल्सच्या सीमेवर, वाय नदीकाठच्या कड्यावर, चेपस्टोचा किल्ला फिट्झऑसबर्ननेच उभारला. हेरफर्डमध्ये वस्ती वाढावी म्हणून त्याने आपल्या नॉर्मंडीतील ब्रेतय गावचे नियम लागू केले. त्यांत खून, चोरी यांसारखे गुन्हे वगळता दंड १२ पेन्सच्या वर जात नसे. पुढे वेल्स आणि आयर्लंडमधील अनेक गावांनी हेच नियम घेतले. किल्ल्यांपेक्षा ही त्याची कामगिरी मोठी मानावी लागेल.

तॉनी घराण्यातील अ‍ॅडेलिझा ही त्याची पत्नी. लीर आणि कॉर्मेय येथील मठ त्याने स्थापन केले. भाऊ ऑसबर्न १०७२ मध्ये एक्सेटरचा बिशप झाला. फ्लँडर्सच्या वारसायुद्धात बाल काउंट आर्नुल्फ आणि त्याची आई रिशिल्द यांच्या बाजूने लढताना कासेल येथे फिट्झऑसबर्न मारला गेला. त्याला कॉर्मेयच्या मठात पुरले.

वाटणीत त्याचा थोरला मुलगा विल्यम याच्याकडे ब्रेतय आणि धाकटा रॉजर याच्याकडे हेरफर्ड गेले. १०७५ मध्ये रॉजरने बहीण एमाचे लग्न पूर्व अँग्लियाचा अर्ल राल्फ द गाएल याच्याशी लावले आणि त्याच लग्नाच्या मेजवानीत राजाविरुद्ध कट शिजला. बंड फसले. राल्फ समुद्रापार गेला. एमाने मात्र नॉर्विचचा किल्ला लढवत ठेवला आणि आपल्या माणसांसाठी सुखरूप जाण्याची अट मान्य करून घेतल्यावरच तो सोडला. रॉजर जन्मभर कैदेत राहिला. इतिहासकार ऑर्डरिक व्हायटॅलिस सांगतो, की ईस्टरला राजाने त्याला भारी वस्त्रे पाठवली आणि त्याने ती तुरुंगातच पेटवून दिली.

थोरला विल्यम ११०३ मध्ये औरस संततीविना वारला. ब्रेतय त्याचा अनौरस मुलगा युस्तास याने बळकावले. युस्तासची बायको ज्युलियाना ही राजा हेन्री पहिला याची अनौरस मुलगी. १११९ मध्ये युस्तासने राजाच्या एका किल्लेदाराच्या ओलीस मुलाचे डोळे काढले. हेन्रीने त्या किल्लेदाराला आपल्याच दोन नातींवर, म्हणजे ज्युलियानाच्या मुलींवर, सूड घेऊ दिला. ज्युलियानाने ब्रेतयच्या किल्ल्यात भेटीच्या मिषाने बोलावून बापावर बाण सोडला. नेम चुकला आणि तिला तटावरून थंडगार खंदकात उडी घ्यावी लागली. पुढे ती फाँतव्हरोच्या मठात जोगीण झाली. ब्रेतय हेन्रीने रॉजरची बहीण एमा हिचा मुलगा राल्फ याला दिले. त्याची मुलगी अमीस हिच्या लग्नातून ते लेस्टरचा अर्ल रॉबर्ट याच्याकडे गेले.