नाण्यावरचा चेहरा: मुंबईच्या टांकसाळीपासून नेत्यांच्या स्मरणनाण्यांपर्यंत

एखाद्या दिवंगत नेत्याचं नाणं निघालं की बातमी दोन दिवस चालते. सोहळा, वजन, चांदी किती, आणि मग घराघरांतला प्रश्न: हे मिळतं कुठे? २४ डिसेंबर २०१८ रोजी दिल्लीत अटलबिहारी वाजपेयींचं १०० रुपयांचं नाणं प्रकाशित झालं तेव्हाही असंच झालं. वजन ३५ ग्रॅम, निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. एका बाजूला तोंडवळा, खाली १९२४ आणि २०१८ ही साल. भाजीवाल्याच्या हातावर ठेवायचं हे नाणं नव्हतं. पण आपल्याकडे नेत्याचं पहिलं नाणं निघालं ते नेमकं भाजीवाल्याच्या हातावर ठेवण्यासाठीच होतं. हा बदल कसा झाला, हे समजायला मुंबईच्या फोर्टात जावं लागतं.

शहीद भगतसिंग मार्गावर रिझर्व्ह बँकेसमोर खांबांची दगडी दर्शनी बाजू असलेली एक इमारत आहे. कॅप्टन जॉन हॉकिन्स या लष्करी अभियंत्याने बांधलेली ही टांकसाळ १८२९मध्ये पूर्ण झाली आणि बर्मिंगहॅमहून आणलेल्या वाफेच्या यंत्रांवर रुपये पडू लागले. समोरासमोरच्या या दोन इमारतींची कामं मात्र वेगळी. नोटा रिझर्व्ह बँकेच्या. नाणी भारत सरकारची. रिझर्व्ह बँक ती फक्त लोकांपर्यंत पोचवते. म्हणून कुणाचं नाणं काढायचं हे ठरतं केंद्राच्या अर्थ मंत्रालयात. राज्य सरकार, पक्ष किंवा संस्था मागणी करू शकतात, नाणं पाडू शकत नाहीत.

शिवकाळात आपल्या भागातल्या नाण्यांवर चेहरा नसे. शिवाजी महाराजांनी १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. बस्स. चित्र नाही, चेहरा नाही. देवनागरीत लिहिलेलं नाव हीच सत्तेची खूण, आणि त्या दोन ओळींत केवढं धाडस होतं हे त्या काळची फारसी अक्षरांची नाणी शेजारी ठेवली की कळतं. मुघलांचीही नाणी बहुतेक नावाचीच. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत १६७२च्या सुमारास स्वतःची इंग्रजी अक्षरांची नाणी पाडून पाहिली, पण बेटाबाहेर ती कोण घेणार? १७१७मध्ये फर्रुखसियर बादशहाने मुंबईत रुपये पाडायची परवानगी दिली, आणि मग कितीतरी वर्षं कंपनीच्या टांकसाळीतून मुघल बादशहाच्या नावाचे रुपये निघत राहिले. व्यापारी नाव पाहून, वाजवून नाणं घेत असे. चेहऱ्याची त्याला गरज नव्हती.

चेहरा आला तो १८३५मध्ये. कंपनीच्या मुलखात सगळीकडे एकच रुपया सुरू झाला आणि त्यावर चौथ्या विल्यमचं डोकं बसलं. पुढे व्हिक्टोरिया राणी, मग एडवर्ड, मग जॉर्ज. आपल्या आज्या-पणज्यांच्या पुतळ्यांच्या माळेत ओवलेला ‘राणीछाप रुपया’ तो हाच. चेहरा किती नाजूक गोष्ट असते हे १९११मध्ये सरकारला चांगलंच कळलं. पाचव्या जॉर्जच्या नव्या रुपयावर त्याच्या झग्यावरच्या साखळीत एक हत्ती होता, पण तो इतका बारीक आणि आखूड सोंडेचा उतरला की लोकांना तिथे डुक्कर दिसलं. गहजब झाला. कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळींतून निघालेला तो रुपया थांबवावा लागला, बराचसा वितळवला गेला, आणि १९१२मध्ये हत्ती सुधारून नवा ठसा आला. संग्राहक त्याला आजही ‘डुक्करछाप’ म्हणतात.

स्वातंत्र्य मिळालं तरी १९५०पर्यंत राजाच्या मुखड्याचीच नाणी चालली. १५ ऑगस्ट १९५०पासून प्रजासत्ताकाची नाणी आली आणि चेहरा गेला. त्याच्या जागी सारनाथचे सिंह. उलट बाजूला रुपयावर गव्हाच्या लोंब्या, आण्यांवर बैल, पैशावर घोडा. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. ज्या देशाने राजा काढून टाकला, त्याने नाण्यावर दुसरा माणूस न बसवता तिथे धान्य ठेवलं.

चौदा वर्षं हे टिकलं. २७ मे १९६४ला पंडित नेहरू गेले, आणि त्याच वर्षी त्यांचा मुखडा असलेला रुपया आणि पन्नास पैसे निघाले. स्वतंत्र भारताची ही पहिली स्मरणनाणी. दोन्ही निकेलची, दोन्ही रोजच्या व्यवहारातली. पन्नास पैशांचे दोन प्रकार होते: एकावर नाव हिंदीत, दुसऱ्यावर इंग्रजीत. देशात भाषेचा वाद तापलेला होता, हे लक्षात घेतलं की त्या दोन ठशांचा अर्थ लागतो. मुंबईच्या टांकसाळीत पडलेलं नाणं सालाखालच्या चौकोनी हिऱ्यासारख्या खुणेवरून ओळखता येतं. कलकत्त्याच्या नाण्याला खूण नसते.

तिथून दोन रिवाज पडले. एक, निधनानंतरचं नाणं: इंदिरा गांधींचं १९८५मध्ये, राजीव गांधींचं १९९१मध्ये. दुसरा, जन्मशताब्दीचं नाणं, आणि त्याची सुरुवात १९६९मध्ये गांधीजींपासून. त्या वेळी वीस पैसे, पन्नास पैसे आणि रुपया यांच्या जोडीला चांदीचं दहा रुपयांचं नाणंही निघालं, १५ ग्रॅम वजनाचं. इथे वाट फुटली असं मला वाटतं. वीस पैसे खर्चायचे होते; चांदीचे दहा रुपये ठेवून द्यायचे होते. एकाच माणसाची आठवण, पण एक गिरगावकरांच्या खिशांत खुळखुळणारी, आणि एक कपाटात.

खर्चायच्या नाण्यांमध्ये मुंबईकरांच्या सर्वांत जवळचं नाणं १९९०चं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचा रुपया. परळच्या आमच्या चाळीत कित्येक घरांनी तो सुटे पैसे म्हणून आलेला रुपया खर्चलाच नाही. कुणी तसबिरीच्या चौकटीत काचेमागे खोचला, कुणी हळदीकुंकवाच्या डबीत ठेवला. शेजारच्या काकू तो हातात घेऊन म्हणायच्या, “दुकानदाराने आपणहून दिला बघ.” मागावा लागला नाही, विकत घ्यावा लागला नाही, आला. त्या वाक्यातलं समाधान मला आजही कळतं.

त्यानंतर महाराष्ट्राशी नातं सांगणारी नाणी बरीच आली. १९९९चे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये, २००२चा संत तुकारामांचा रुपया, लोकमान्य टिळकांचे पाच रुपये. शिवराईवर फक्त नाव कोरणाऱ्या राजाचा चेहरा सव्वातीनशे वर्षांनी दोन रुपयांवर आला, आणि तोही शाळेच्या मुलाच्या कंपासपेटीत.

चेहरा नाण्यावर उतरवणं हे कौशल्याचं काम. आधी चित्र, मग त्यापेक्षा कितीतरी मोठी उठावाची प्रतिमा, मग ती लहान करत पोलादी ठसा. उठाव कडेपेक्षा खालीच राहायला हवा, नाहीतर नाणी एकावर एक बसणार नाहीत आणि नाक पहिल्यांदा झिजेल. म्हणजे कारागिराला एखाद्या माणसाचा सगळा स्वभाव मिलिमीटरच्या काही भागात बसवायचा असतो. संग्रहासाठीच्या ‘प्रूफ’ नाण्यांना चकती आणि ठसा दोन्ही घासून आरशासारखे करतात आणि एकाच चकतीवर एकाहून जास्त वेळा दाब देतात. म्हणून पार्श्वभूमी चकाकते आणि चेहरा धुकट, पांढुरका उठून दिसतो. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर आधी ‘बी’ हे इंग्रजी अक्षर असे. शहराचं नाव अधिकृतपणे मुंबई झालं आणि तिथे ‘एम’ आलं.

कायदाही बदलला. १९०६चा जुना नाणे कायदा जाऊन २०११चा आला, आणि त्यात नाण्याच्या दर्शनी किमतीची मर्यादा १००० रुपये ठरली. वजन, धातू, दोन्ही बाजूंचा मजकूर हे सगळं राजपत्रात जाहीर होतं. टांकसाळी २००६पासून सरकारी महामंडळाच्या हाती आहेत, आणि ७५, १००, १२५ रुपयांची नाणी तिथे नोंदणी करून, दर्शनी किमतीच्या कितीतरी पट देऊन, मखमली डबीत विकत घ्यायची असतात. २०१५मध्ये बाबासाहेबांच्या १२५व्या जयंतीनिमित्त १२५ आणि १० रुपयांची नाणी ६ डिसेंबरला प्रकाशित झाली. त्यातलं १० रुपयांचं तेवढं चलनात फिरलं.

फिरणाऱ्या नाण्यांनाही अडचण आलीच. १० रुपयांचे इतके वेगवेगळे छाप झाले की अनेक ठिकाणी दुकानदार ‘हे खोटं आहे’ म्हणून ती परत करू लागले. जानेवारी २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की चौदाही नमुने खरे आहेत आणि सगळे घेतलेच पाहिजेत. ज्याचा सन्मान करायला नाणं काढलं, त्याच्याच चेहऱ्यावर संशय घेतला जावा, याचं वाईट वाटतं. पण तरीही मी त्या दहा रुपयांच्याच बाजूचा आहे. डबीतला चेहरा कधी झिजत नाही, कारण त्याला कुणी हात लावत नाही.

फोर्टातल्या पदपथावर जुनी नाणी विकणाऱ्यांकडे १९६४चा नेहरूंचा रुपया अजून सापडतो. मागच्या महिन्यात एक हाती घेतला. गाल आणि कान गुळगुळीत झाले होते, नाव कसंबसं लागत होतं. सालाखालचा छोटा हिरा मात्र शाबूत होता. इथून चालत पाच मिनिटांवर पडलेला रुपया, कुठे कुठे फिरून परत आलेला.