साकुरा आणि सहाशे अंशांचा हिशेब

टोकियोतल्या यासुकुनी मंदिराच्या आवारात चेरीचं एक झाड आहे. मार्चचा दुसरा पंधरवडा लागला की त्याच्याभोवती टीव्हीवाल्यांची गर्दी होते. हवामान खात्याचा अधिकारी येतो, मान वर करून फांद्या निरखतो आणि फुलं मोजतो. चारच सापडली तर निमूट परत जातो. पाच-सहा दिसली की तिथल्या तिथे जाहीर करतो : टोकियोत साकुरा (चेरी) फुलू लागला. संध्याकाळच्या बातम्यांत पहिला मान त्या झाडाचा. पुढे ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की ‘पूर्ण बहर’ जाहीर होतो. अशी नेमून दिलेली पन्नासहून अधिक झाडं देशभर आहेत आणि 1953 पासून एकाच पद्धतीने त्यांच्या नोंदी ठेवल्या जातात.

वरवर हा सरकारी सोहळा वाटतो, पण मुळात ते मोजमाप आहे. त्यामागचा ठोकताळा घरी बसून करून पाहण्याइतका सोपा आहे. 1 फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान बेरजेत टाकत जायचं. बेरीज 600 अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की साकुरा फुलतो. टोकियोत फेब्रुवारीचं सरासरी कमाल तापमान 11 अंशांच्या जरा खाली असतं. म्हणजे 28 दिवसांचे झाले साधारण 305. उरलेले 295 मार्चच्या 14 अंशांच्या सरासरीने भरायला एकवीस दिवस लागतात. उत्तर येतं 21 मार्च. प्रत्यक्षात 1991 ते 2020 या काळातली सरासरी तारीख 24 मार्च आहे. मार्चचे पहिले आठवडे महिन्याच्या सरासरीपेक्षा गार असतात, हे धरलं तर दोन-तीन दिवसांचा फरकही बराचसा मिटतो. कागद-पेन्सिलीच्या हिशेबाला याहून जास्त काय हवं?

हा हिशेब जमतो, कारण बहुतेक झाडं एकाच झाडाची कलमं आहेत. सोमेइ-योशिनो ही जात एदो-हिगान आणि ओशिमा या दोन चेरींच्या संकरातून आली आणि जुन्या एदो (आजच्या टोकियो) शहराजवळच्या सोमेइ गावातल्या रोपवाल्यांनी ती देशभर पोचवली. या जातीत आपल्याच परागाने फळ धरत नाही, त्यामुळे बी लावून तेच झाड मिळत नाही. कलमच करावं लागतं. सगळ्यांची जनुकं सारखी, म्हणून एका वस्तीतली सगळी झाडं जवळजवळ एकदम फुलतात आणि एकदम झडतात. यातल्या ओशिमा चेरीची पानं मिठात मुरवून साकुरामोची नावाच्या गोड पदार्थाभोवती गुंडाळतात. ताज्या पानाला तो प्रसिद्ध वास नसतो. कूमारिन नावाचं ते सुगंधी द्रव्य पानात साखरेशी बांधलेलं असतं आणि पान मुरताना सुटं होतं. पान खायचं की काढून ठेवायचं, यावर जपानी माणसांचं एकमत नाही. मी खाणाऱ्यांच्या बाजूने.

पण 600 अंशांचा हिशेब 1 फेब्रुवारीपासूनच का सुरू करायचा? खरी गंमत इथे आहे. पुढच्या वसंतातल्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात. शरदात पानांकडून संदेश जातो आणि कळ्या झोपी जातात. ही झोप उबेने मोडत नाही, थंडीने मोडते. कित्येक आठवडे पाच अंशांच्या आसपासचा गारठा सोसल्यावरच कळी जागी होते आणि मग ऊब साठवू लागते. म्हणून उबेची बेरीज हिवाळा बराचसा सरल्यावर, 1 फेब्रुवारीपासून धरायची. कोकणातल्या बागायतदाराला यात नवल वाटणार नाही. डिसेंबरात थंडी नीट पडली नाही की हापूसचा मोहोर कसा लांबतो, हे तो दर वर्षी बघतो. 2018 च्या शरदात वादळांनी पानं अवेळी ओरबाडून नेली, झोपेचा संदेश पुरता पोचला नाही आणि जपानच्या अनेक भागांत ऑक्टोबरातच साकुरा फुलला.

म्हणूनच ‘तापमान वाढलं की फुलं लवकर’ हे अर्धंच खरं. टोकियोत तसं झालंय : 2020, 2021 आणि 2023 या तिन्ही वर्षी 14 मार्चलाच पाच फुलं मोजून झाली. पण जपानच्या दक्षिणेला, क्यूशू बेटावरच्या कागोशिमाकडे हिवाळा उबदार गेला तर कळ्यांची झोप पुरी होत नाही, बहर उलट लांबतो आणि फुलंही एकदम न येता रेंगाळत येतात. नकाशावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणारी बहराची रेघ अशा वर्षी खालच्या टोकाला वाकडी होते.

हे सगळं गेल्या सत्तर वर्षांचं. क्योटोचं दप्तर मात्र बाराशे वर्षांचं आहे. सन 812 मध्ये सागा सम्राटाने फुलं बघण्यासाठी मेजवानी दिली, तिची तारीख इतिवृत्तात आहे. पुढे दरबाऱ्यांच्या रोजनिशा, भिक्षूंच्या नोंदी, कविता यांतून अशा तारखा साठत गेल्या. ओसाकातले संशोधक यासुयुकी आओनो यांनी त्या शोधून काढल्या, जुन्या चांद्र तिथ्या आजच्या पंचांगात बसवल्या आणि त्यावरून क्योटोतल्या मार्चच्या तापमानाचा आलेख मांडला. मधली काही वर्षं रिकामी आहेत. या नोंदींतली झाडं सोमेइ-योशिनो नव्हेत, रानटी यामाझाकुरा आहेत. बाराशे वर्षांपूर्वी सोमेइ-योशिनो होता कुठे? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्ण बहर साधारण एप्रिलच्या मध्यावर असे. 2021 साली तो 26 मार्चला आला आणि 1409 सालचा 27 मार्चचा विक्रम मोडला. यात वाढत्या शहराच्या उष्णतेचाही वाटा आहे, सगळा दोष जागतिक तापमानवाढीवर टाकता येत नाही. मेजवानी झोडणाऱ्या दरबाऱ्यांना आपण तापमापकाचं काम करतोय याची कल्पनाही नसणार.

साकुराचं एप्रिलशी असलेलं नातंही यामुळे बिघडलंय. जपान सरकारचं आर्थिक वर्ष 1886 पासून 1 एप्रिलला सुरू होतं (आपलंही तसंच, इंग्रजांच्या काळापासून) आणि शाळाही त्याच महिन्यात भरतात. पहिलीत जाणारं मूल, नवं दप्तर आणि डोक्यावर साकुरा हे चित्र तिथल्या प्रत्येकाच्या मनात आहे. आता टोकियोत शाळा उघडेपर्यंत बहुतेक पाकळ्या गटारात वाहून गेलेल्या असतात. उत्तरेकडे होक्काइदोत फुलं एप्रिलअखेरीस, कुठे मे महिन्यात येतात, त्यामुळे तिथल्या मुलांच्या वाट्याला तो फोटो कधीच नव्हता.

जपानच्या जुन्या पंचांगात वर्षाचे बहात्तर तुकडे आहेत, प्रत्येक सुमारे पाच दिवसांचा. 5 एप्रिलच्या सुमारास पाकोळ्या परततात, मग रानहंस उत्तरेला जातात, मग पहिलं इंद्रधनुष्य दिसतं. हवामान खातंही पाकोळी पहिल्यांदा कधी दिसली, सिकाडा हा किरकिरणारा कीटक पहिल्यांदा कधी ओरडला हे टिपून ठेवत असे. एकूण 34 वनस्पती आणि 23 प्राणी. शहरं पसरली, वेधशाळांच्या आसपास हे प्राणी सापडेनासे झाले आणि 2021 पासून खात्याने प्राण्यांच्या सगळ्या नोंदी बंद केल्या. वनस्पती उरल्या सहाच, त्यांत साकुरा अर्थातच आहे. पाकोळ्यांचं काम आता जपानच्या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने हौशी नागरिकांच्या मदतीने उचललं आहे.