राख होण्याआधी विझवा

कोकणात भाताची रोपं तयार करायची जागा उन्हाळ्यातच भाजून घेतात. ऐन-किंजळीची कवळं, पालापाचोळा, शेण, वर मातीचा पातळ थर असा राब रचून पेटवला की तणाचं बी मरतं, राखेतलं पोटॅश मिळतं आणि तरवा म्हणजे लावणीची रोपं जोमाने वर येतात. शेतकऱ्याचा हा अनुभव खराच आहे. मात्र त्या जाळात पाल्यातला बहुतेक कार्बन आणि नत्र हवेत उडून जातो.

कोकणातल्या जांभ्या मातीला हे नुकसान परवडणारं नाही. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात चुना, पोटॅश, मॅग्नेशियम वाहून जातं आणि मागे उरतात लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. माती आम्ल होते, स्फुरद (फॉस्फरस) या ऑक्साइडांना चिकटून बसतो. घातलेलं खत धरून ठेवायला सेंद्रिय कार्बन लागतो, आणि नेमका तोच आपण जाळून टाकतो.

हाच काडीकचरा हवा तोडून, ३५० ते ६०० अंश सेल्सिअसला भाजला तर राखेऐवजी कोळसा मिळतो. हाच बायोचार. यात कार्बनचे अणू षटकोनी कड्यांत घट्ट बांधले जातात आणि जिवाणूंना ते सहजी फोडता येत नाहीत. शेणखत काही पावसाळ्यांत संपतं, पण या कोळशाचा बराचसा भाग शेकडो वर्षं मातीत राहतो. त्याच्या पृष्ठभागावरचा ऋणभार अमोनियम आणि पोटॅशियम धरून ठेवतो, आणि मुळात अल्कधर्मी असल्यामुळे तो मातीची आम्लताही उतरवतो.

त्यासाठी झाडं तोडायची गरज नाही. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असतं आणि गिरणीमागे त्याचे ढीग पडलेले असतात. तुसात सिलिका भरपूर असते. तिच्यामुळे पानं ताठ राहतात, करपा आणि खोडकिडा यांना रोप सहजी बळी पडत नाही. डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातशेतीच्या, म्हणजे चार सूत्रांवर आधारलेल्या भातलागवडीच्या पद्धतीच्या, पहिल्याच सूत्रात तुसाची काळी राख गादीवाफ्यात (रोपांच्या उंच वाफ्यात) घालायला सांगितली होती. या सल्ल्याकडे जितकं लक्ष जायला हवं होतं, तितकं गेलं नाही असं मला वाटतं. राख काळी असते ती तिच्यात न जळलेला कार्बन शिल्लक असतो म्हणून; म्हणजे तीही एक प्रकारे बायोचारच. भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, त्यावर धुराडं, आत विस्तव आणि भोवती तुसाचा ढीग, एवढ्यावर ती घरीच होते. ढीग बाहेरून काळा पडला की लगेच पसरून पाणी मारायचं. उशीर झाला तर पांढरी राखच हाती येते.

कोळशात नत्र जवळपास नसतं, त्यामुळे खत बंद करता येत नाही. ताजा कोळसा तर मातीतलंच नत्र काही काळ अडवून धरतो. म्हणून तो आधी गोमूत्रात भिजवावा किंवा कंपोस्टमध्ये मुरू द्यावा. आणि देशावरच्या चुनखडीच्या काळ्या रानात तो घालण्याची घाई करू नये. तिथे सामू (pH) आधीच आठच्या घरात असतो. तो आणखी वर गेला तर पिकाला जस्त आणि लोह मिळणं अवघड होतं.