घरपट्टी जास्त आली? बिल बाजूला ठेवा, आधी नोटीस शोधा

बिल हातात पडतं, आकडा बघून डोळे पांढरे होतात आणि माणूस अर्ज खरडतो: 'वाढीव बिल कमी करावे ही नम्र विनंती.' असा अर्ज बहुधा दप्तरी दाखल होतो आणि का, ते खिडकीतून कुणी सांगत नाही. भांडण बिलाशी नसतंच. ते असतं करयोग्य मूल्याशी, म्हणजे ज्या आकड्यावर कर मोजतात त्याच्याशी, आणि त्यावर हरकत घ्यायची मुदत बिल छापण्याआधीच सुरू झालेली, कित्येकदा संपलेलीही असते.

मुंबईचा कायदा 1888चा आणि वेगळा आहे. तिथे 2010पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे मिळकतीच्या किमतीवर आकारणी होते. नगरपालिकांचाही कायदा निराळा. इथे लिहितोय ते 1949च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली करयोग्य मूल्य धरणाऱ्या महापालिकांबद्दल.

हे मूल्य म्हणजे घराला वर्षभरात वाजवी किती भाडं येईल त्याचा अंदाज, वजा दुरुस्तीपोटी 10 टक्के. समजा दर महिना चौरस फुटाला 2 रुपये आणि घर 700 फूट. वर्षाचे 16,800, वजा जाता 15,120. महापालिकेच्या कर नोंदवहीत चुकून 900 फूट लागलं असेल तर तेच 19,440 होतं, आणि सर्वसाधारण करापासून मलनिस्सारणापर्यंत टक्केवारीच्या सगळ्या ओळी त्यावरच चढतात. म्हणून आधी कर आकारणी कार्यालयात जाऊन नोंदवहीतला आपल्या मिळकतीचा उतारा घ्या. तो बघण्याचा मालकाला हक्क आहे, उपकार नव्हे. त्यात तीन गोष्टी तपासा: क्षेत्रफळ (चटई धरलंय की बांधीव, बिल्डरच्या माहितीपत्रकातला आकडा इथे कामाचा नाही), वापर (निवासी की बिगरनिवासी) आणि भोगवटा (स्वतःचा की भाडेकरूचा).

आता नोटीस. घराची पहिल्यांदा आकारणी झाली किंवा मूल्य वाढवलं, तर विशेष नोटीस द्यावीच लागते. ती मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत पोचली पाहिजे. नोटिशीवर छापलेली तारीख आणि ती तुमच्या हाती पडल्याची तारीख यांत बरंच अंतर असू शकतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंची नोटीस बिल्डरच्या नावाने आली. वॉचमनने ती मीटररूममध्ये ठेवली आणि काकूंना सापडली दिवाळीच्या साफसफाईत! तेव्हा पाकीट फेकू नका, मिळाल्याची तारीख त्यावरच लिहा, आणि नोटीस मिळालीच नसेल तर तेच हरकतीचं पहिलं कलम करा.

हरकतीत 'परवडत नाही' हे कारण चालत नाही. 'उताऱ्यात 900 चौ. फूट, मंजूर नकाशाप्रमाणे 700' असं लिहा आणि नकाशा किंवा खरेदीखताची प्रत जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'साहेबांकडे ठेवलाय' ही पोच नव्हे. पुढे सुनावणीची तारीख कळवतात. त्या दिवशी मूळ कागद घेऊन स्वतः जा.

सगळ्यात अडतं ते भोगवट्यावर. भाडेकरू आल्याचा करार असतो, गेल्याचा कागद कुणाकडेच नसतो. अकरा महिने संपले म्हणजे घर रिकामं झालं, असं महापालिकेचा कर निरीक्षक मानत नाही. भाडेकरू निघतानाच दोन ओळींचं ताबा-परत पत्र सहीनिशी घ्या आणि सोसायटीचं पत्र जोडा. पुण्यात स्वतः राहत्या घराला 40 टक्के सवलत आहे. मध्यंतरी ती थांबली होती, 2023मध्ये परत मिळाली, पण आपोआप नव्हे. ज्यांच्या घराला ती लागलेली नव्हती, त्यांना पीटी-3 अर्ज भरायला सांगितलं गेलं: सोसायटीचं ना हरकत पत्र, राहण्याचा पुरावा, आणि शहरात दुसरं घर असेल तर त्याचंही बिल. वर्षानुवर्षं त्याच घरात राहणाऱ्या आजोबांनी तिथेच राहतो हे का सिद्ध करायचं, असं मलाही वाटतं. पण अर्ज भरा.

हरकत फेटाळली तर कलम 406खाली न्यायालयात अपील आहे. इथेही मुदत 15 दिवसांचीच. आयुक्तांकडे आधी तक्रार (म्हणजे वरची हरकतच) केलेली आणि ती निकाली निघालेली असल्याशिवाय अपील दाखल होत नाही, आणि बिल आलेलं असेल तर मागणीची रक्कम आधी भरावी लागते. 'भांडण चालू आहे, मग पैसे कशाला भरू' म्हणणारे इथेच बाद होतात, वर थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते ती वेगळीच. भरताना सोबत 'हरकत कायम राखून भरणा करीत आहे' असं पत्र द्या आणि त्याचीही पोच घ्या.