चौकोनी बार की चौकोनी पाईप? रंगाखाली लपणारा फरक

१२ एमएमचा भरीव चौकोनी बार आणि त्याच मापाचा पोकळ चौकोनी पाईप, दोन्हींवर रंग चढला की कोणता कोणता ते नुसतं बघून सांगता येत नाही. लातूर असो, नांदेड असो की जालना, खिडकीच्या ग्रिलचा सौदा बऱ्याचदा चौरस फुटावर ठरतो आणि गोम तिथेच आहे. फुटाच्या भावात नक्षी दिसते, लोखंड किती ते दिसत नाही.

लोखंड वजनात कळतं. १२ एमएमचा म्हणजे बाजारातला 'चार सुती' भरीव बार मीटरला १.१३ किलो भरतो. त्याच मापाचा १८ गेजचा पाईप, म्हणजे पत्रा साधारण १.२ एमएम, मीटरला जेमतेम ४०० ग्रॅम. आता ४ बाय ४ फुटांची खिडकी धरा: ४ इंचांवर एक अशा ११ उभ्या सळ्या, चारही बाजूंनी २५ बाय ५ ची पट्टी आणि मधे तशाच दोन आडव्या पट्ट्या. भरीव बारची ही ग्रिल २२ किलोंच्या आसपास जाते, पाईपची १३ किलोंच्या आत राहते. म्हणून फॅब्रिकेटरकडून भाव किलोवर घ्या. फुटावर घेतलाच तर कोटेशनवर बारचं माप, 'भरीव' हा शब्द आणि एकूण वजन लिहून घ्या. ग्रिल रंगवण्याआधी काट्यावर ठेवायची, मग रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा पहिला हात.

बसवलेल्या ग्रिलचं काय? पान्याने ठोकून आवाज ऐकतात, पण भिंतीत पक्की बसलेली ग्रिल आवाज दाबते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये. खोलीच्या बाजूने, खाली न दिसणाऱ्या जागी ३ एमएमचं ड्रिल लावा. एक-दीड एमएम गेल्यावर ड्रिल एकदम आत धसलं तर पाईप. सावकाश खातच राहिलं तर बार. भोक एम-सीलने बुजवा आणि वर रंगाचा हात द्या.

म्हणजे पाईप टाकाऊच का? नाही. इथे बहुतेकांची गल्लत होते. २५ बाय २५ चा, २ एमएम जाडीचा पाईप मीटरला १.४४ किलो भरतो आणि वाकायला चार सुती बारपेक्षा कितीतरी ताठ असतो, कारण त्याचं लोखंड मध्यापासून लांब असतं. दोन सळ्यांमध्ये पहार घालून फाकवू पाहणाऱ्याला असा पाईप जड जातो. करवतीपुढे मात्र पाईप मार खातो: पातळ पाईपमध्ये कापायचं लोखंड भरीव बारच्या साधारण एक तृतीयांशच असतं. शिवाय पहारेची धार जिथे टेकते तिथे पातळ पत्रा चेपतो, आणि एकदा चेपला की त्याचा ताठपणा गेला. तेव्हा पाईप घ्यायचाच तर मोठ्या मापाचा आणि २ एमएम जाडीचा. बारच्या मापाचा पातळ पाईप ही निव्वळ शोभा.

पाईपचं दुसरं दुखणं आपल्याकडे जास्त जाणवतं, कारण उन्हाळ्यात खिडकीला कूलर असतो. वेल्डिंगचा टाका अर्धवट राहिला की पाईपच्या तोंडातून पाणी आत शिरतं आणि गंज आतून खातो. बाहेरचा रंग शाबूत दिसत राहतो. प्रत्येक तोंड वेल्डिंगने पूर्ण भरून घ्यावं. बारचा गंज निदान बाहेरून दिसतो, तारेच्या ब्रशने घासता येतो.

बार असो वा पाईप, जोड कसा आहे ते आधी पाहा. आडव्या पट्टीला भोक पाडून बार त्यातून ओवलेला असेल तर टाका तुटला तरी बार जागेवर राहतो. पट्टीवर नुसता चिकटवलेला बार टाक्याच्या भरवशावर असतो. मधल्या पट्ट्या १५-१६ इंचांवर हव्यात. ४ फूट उंचीला मधे एकच पट्टी असेल तर सळ्या फाकवायला जागा मिळते.

आणि ग्रिल कापण्यापेक्षा अख्खी उपटणं सोपं असेल तर वरचा सगळा हिशेब वाया. नऊ इंची विटांच्या भिंतीत टोक फाकवलेला होल्डफास्ट, म्हणजे ग्रिलला जोडलेली लोखंडी पट्टी, काँक्रीटमध्ये गाडणं सगळ्यात चांगलं, एका बाजूला तीन. तयार घरात १० एमएमचे, १०० एमएम लांबीचे अँकर फास्टनर, म्हणजे आवळल्यावर भोकात फुगून पकड घेणारे बोल्ट, लावतात. लांबी मोजताना प्लास्टर धरू नका, ते पकड देत नाही. विटेच्या कडेला अगदी लागून भोक पाडलं तर कड फुटते. हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकमध्ये साधा फास्टनर फुगताना ब्लॉकच चुरतो, तिथे केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने भोकात चिकटणारा बोल्ट, लागतो. जुन्या माळवदाच्या घरात दगड-मातीची भिंत फास्टनर धरतच नाही. तिथे चौकट पक्की आहे का ते आधी हलवून पाहावं, मग चौकटीतून आरपार बोल्ट घालून नट खोलीच्या बाजूला घ्यावेत. बाहेरून दिसणारा स्क्रू कुठेही असेल तर त्याच्या डोक्यावर वेल्डिंगचा टाका मारा, म्हणजे पाना-पेचकस चालणार नाही.

कूलरसाठी ग्रिल कापू नये. कूलर ग्रिलच्या बाहेर स्टँडवर ठेवला तर ४ इंचांच्या फटींतून हवा बऱ्यापैकी येते. आधीच कापलेली असेल तर खरा धोका पावसाळ्यापासून सुरू होतो: कूलर उतरतो आणि भोकाला प्लायवूडचा तुकडा लागतो. दिवाळीनंतर घराला कुलूप लावून ऊसतोडीला जाणाऱ्यांची खिडकी तशीच महिनोन्‌महिने राहते. त्या भोकाला त्याच बारची बिजागरीवाली झडप करून घ्या, बिजागरीच्या पिना दोन्ही टोकांना टाका मारून बंद करा आणि कुलपाची कडी आतून ठेवा. आग लागली तर बाहेर पडायला हीच झडप उपयोगी पडते, त्यामुळे ती किमान दोन फूट रुंद असावी. किल्ली खिडकीतून हात पोचणार नाही अशा, पण घरातल्या प्रत्येकाला अंधारातही सापडेल अशा खिळ्यावर ठेवा.