हाडे आधी मोजली, मग समजली

माणसाच्या शरीरात हाडे किती, याचे शाळेतले उत्तर २०६. चरकसंहितेत हाच आकडा ३६० आहे आणि सुश्रुतसंहितेत ३००. ही तफावत दाखवून कुणी जुन्या वैद्यांना हसतो, तर कुणी ओढूनताणून तिन्ही आकडे जुळवून देतो. दोन्ही खटाटोप वायफळ आहेत. ‘एक हाड’ कशाला म्हणायचे हे ठरले की आकडा आपोआप ठरतो. चरकाच्या यादीत ३२ दात, त्यांच्या ३२ खोबण्या आणि २० नखेही आहेत. सुश्रुत दात आणि कूर्चा (कान-नाकातले लवचीक, मऊ हाड) यांना हाडांचेच प्रकार मानतो, आणि वेदवादी ३६० म्हणत असले तरी शल्यतंत्रात ३०० च मानतात, हे स्वतः नोंदवून पुढे जातो.

आपला २०६ हा आकडा तरी कुठे पक्का आहे? जन्मलेल्या बाळात सुटी हाडे सुमारे २७० ते ३०० असतात. वाढीच्या वयात ती जुळत जातात. कंबरेखालच्या पाच मणक्यांचे मिळून त्रिकास्थी होते, कटीच्या प्रत्येक बाजूची तीन हाडे एक होतात, आणि गळपट्टीचे हाड तर पंचविशीच्या आसपास पूर्ण सांधते. काहींना मानेपाशी जादा बरगडी असते, काहींच्या पायात एखादे जादा बारीक हाड सापडते. तेव्हा २०६ ही प्रौढ माणसाची सरासरी मांडणी. त्यातली १०६ हाडे नुसती हातापायांच्या पंजांत आहेत, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी.

आकड्यापेक्षा सुश्रुताची पद्धत अधिक महत्त्वाची आहे. फार म्हातारे नसलेले, विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेले प्रेत निवडावे, आतड्यांतला मळ काढावा, मुंज, साल, कुश वगैरेंनी ते गुंडाळावे, पिंजऱ्यात ठेवून आडजागी संथ वाहत्या पाण्यात सोडावे. सात रात्रींनी बाहेर काढून वाळा, केस, वेळू यांच्या कुंचल्याने हळूहळू थर घासत जावे आणि प्रत्येक अवयव डोळ्यांनी पाहावा. नुसत्या ग्रंथावर विसंबू नका, असा त्याचा आग्रह. तरीही या वाटेने हाती लागते ते मेलेल्या शरीराचे हाड. जगभर शेकडो वर्षे हाडांचा अभ्यास असाच झाला. इतर अवयव कुजतात, हाड टिकते, म्हणून ते सर्वांत आधी अभ्यासता आले. आणि टिकते म्हणूनच ते निर्जीव असल्याचा समज सर्वांत जास्त काळ टिकला.

पश्चिमेकडे या अभ्यासावर दीड हजार वर्षांच्या आसपास गालेनची छाया होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा पर्गामोनचा वैद्य. त्या काळी रोमन जगात मानवी शवविच्छेदन होत नसे, म्हणून त्याने माकडे, डुकरे आणि इतर प्राणी कापले. माणसाचा सांगाडा मिळाला तो योगायोगाने. एकदा नदीच्या पुराने थडगे उकरून वाहून नेलेले प्रेत, एकदा मारला जाऊन रस्त्याकडेच्या टेकडीवर पडलेला, पाखरांनी साफ केलेला दरोडेखोर. खरा सांगाडा पाहायचा असेल तर अलेक्झांड्रियाला जा, असे तो विद्यार्थ्यांना सांगे. त्यांच्यासाठी त्याने हाडांवर एक छोटी पोथीही लिहिली. तिची बरीचशी वर्णने आजही चालतील. पण खालचा जबडा दोन हाडांचा आणि छातीचे मधले हाड सात तुकड्यांचे, असे त्याने लिहून ठेवले. कुत्र्यासारख्या प्राण्यांत खालच्या जबड्याचे दोन अर्धे खरोखरच सुटे राहतात. माणसात ते पहिल्या वर्षभरातच जुळून जातात.

ही चूक पहिल्यांदा ठामपणे दाखवली ती युरोपातल्या कुणी नव्हे. बगदादचा वैद्य अब्दुल लतीफ ११६२ साली जन्मलेला, आणि १२०० ते १२०२ च्या भीषण दुष्काळात तो इजिप्तमध्ये होता. माणसे इतकी मेली की हाडांचे ढीग पडले होते. दोन हजारांहून अधिक कवट्या तपासल्या, एकाही जबड्यात मधला सांधा दिसला नाही, असे त्याने लिहिले. गालेन कितीही थोर असला तरी डोळ्यांची साक्ष त्याच्याहून भरवशाची, हा त्याचा निष्कर्ष. मला या सगळ्या इतिहासात हा माणूस सर्वांत आवडतो, कारण मोठ्या नावाविरुद्ध त्याने दुसरे मोठे नाव उभे केले नाही, दोन हजार जबडे उभे केले. पण त्याचे लिखाण युरोपच्या वैद्यकशाळांत पोहोचले नाही. तिथे गालेनला उतरवायला १५४३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी आंद्रेआस वेसालियसचा मानवी शरीररचनेवरचा ग्रंथ बासेलमध्ये छापला गेला. जबडा एकच, छातीचे हाड तीन भागांचे, आणि पुरुष व स्त्री दोघांच्याही बरगड्या सारख्याच, हे त्याने सांगितले. त्याच वर्षी बासेलमध्ये शिरच्छेद झालेल्या एका गुन्हेगाराचा सांगाडा त्याने जोडला होता. तो आजही तिथल्या संग्रहालयात आहे.

यानंतर आकाराचा अभ्यास झपाट्याने पुरा झाला. १५४६ मध्ये इटलीतल्या इंग्रासिया या वैद्याने कानातल्या रिकिबीच्या आकाराच्या हाडाचे वर्णन केले. हे शरीरातले सर्वांत लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटर उंचीचे, आणि त्याच्या थरथरण्यावर आपले ऐकणे अवलंबून. १६८० च्या सुमारास इटलीतल्याच बोरेली या गणितज्ञाने हाडांकडे तरफा म्हणून पाहिले आणि एक विचित्र गोष्ट दाखवली: स्नायू सांध्याच्या अगदी जवळ चिकटलेले असल्यामुळे त्यांना उचलायच्या वजनाच्या कित्येक पट जोर लावावा लागतो. कोपर काटकोनात ठेवून तळहातावर पाच किलो धरले, तर दंडाच्या स्नायूवर तीस-चाळीस किलोंचा ताण येतो. बदल्यात मिळतो तो वेग. स्नायू बोटभर आखडतो आणि पंजा हातभर फिरतो. आधार देणे, मेंदू आणि छातीतल्या अवयवांना जपणे, हालचाल घडवणे, ही हाडांची कामे येथवर कळून चुकली होती. पाठ्यपुस्तके अजूनही तिथूनच सुरुवात करतात, आणि बऱ्याच वाचकांची हाडांशी ओळखही तिथेच संपते.

हाड जिवंत आहे हे कळायला मात्र जेवणाचे ताट कारणी लागले. लंडनचा शल्यविशारद जॉन बेल्चियर एका कापडछपाईवाल्याकडे जेवत होता, आणि ताटातल्या डुकराच्या मांसातली हाडे लालभडक होती. डुकरांना छपाईतला मंजिष्ठेने रंगलेला कोंडा खाऊ घालत होते. रंग मांसाला लागला नव्हता, फक्त हाडांना लागला होता. १७३६ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. फ्रान्समध्ये दुआमेल द्यू मोंसोने हा धागा पुढे नेला: प्राण्यांना काही काळ मंजिष्ठा द्यायची, काही काळ बंद करायची, आणि हाड कापून पाहायचे. आत लाल-पांढरे थर आलटून पालटून दिसले. पिल्लांच्या हाडाभोवती त्याने चांदीच्या तारेचे कडेही बसवले. वाढ झाल्यावर ते कडे हाडाच्या आत गेलेले सापडले. म्हणजे नवे हाड बाहेरून चढत होते. त्याआधी स्टीफन हेल्सने कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडाला दोन भोके पाडून पाहिले होते. हाड लांबले, पण भोकांमधले अंतर तेवढेच राहिले. लांबी मधून वाढत नाही, टोकांकडून वाढते, हे त्यातून निघाले. वाढत्या मुलाच्या हाडाच्या टोकाशी फ्रॅक्चर झाले की डॉक्टर जास्त काळजी करतात, ती याचसाठी.

पण बाहेरून नुसते चढतच राहिले तर हाड भरीव आणि अवजड होईल. लंडनचा शल्यविशारद जॉन हंटर याने उत्तर दिले: आतून ते झिजवलेही जाते. हे करणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पुढच्या शतकात ओळखल्या गेल्या. बांधणाऱ्या पेशींना गेगेनबाउरने १८६४ मध्ये नाव दिले, तोडणाऱ्यांना कोलिकरने १८७३ मध्ये. मोठ्या माणसातही हे बांधणे-तोडणे चालूच असते. दरवर्षी सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा नवा होतो.

कुठे बांधायचे आणि कुठे तोडायचे हे ठरवते कोण? १८६६ च्या सुमारास झुरिचमध्ये अभियंता कार्ल कुलमान याने शरीरशास्त्रज्ञ फोन मायर यांची मांडीच्या हाडाच्या टोकाची चित्रे पाहिली. आतल्या जाळीदार भागातल्या कमानी त्याला ओळखीच्या वाटल्या. वाकड्या यारीवर भार आला की ताण आणि दाब ज्या रेषांनी वाहतात, जवळपास त्याच रेषा. बर्लिनच्या यूलिउस वोल्फने १८९२ मध्ये यावरून नियम मांडला की, भार बदलला की हाडाची आतली रचनाही बदलते. त्याने गृहीत धरलेली गणिती काटेकोरता पुढे टिकली नाही, पण मूळ गोष्ट टिकली. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्यापेक्षा जाड भरते. उलट अंतराळात वजन नाही, तर कंबर आणि पायांच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. १८९५ मध्ये राँटजेनचे क्षकिरण आल्यावर जिवंत माणसाची हाडे न कापता दिसू लागली. हाड मोडले की कसे बसवायचे यात त्याने क्रांती केली, मात्र हाडे आणखी काय करतात हे सावलीच्या चित्रात दिसण्यासारखे नव्हते.

एक उत्तर त्याआधीच आले होते. मज्जा म्हणजे हाडाचे खाद्य, हा ग्रीक वैद्यकापासूनचा समज. आयुर्वेदाच्या सप्तधातूंतही रक्त दुसरे आणि मज्जा सहावी, रक्त मज्जेतून येईल ही कल्पनाच त्यात बसत नव्हती. १८६८ मध्ये क्योनिग्सबर्गच्या एर्न्स्ट नॉयमानने सांगितले की लाल पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. पुष्कळांना ते पटेना. आज आपण जाणतो की सेकंदाला वीस लाखांहून अधिक लाल पेशी तिथून बाहेर पडतात, आणि रक्ताच्या कर्करोगात मज्जारोपण करता येते ते यामुळेच.

दुसरे काम अधिक आडून कळले. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात धडकते ठेवत होता. १८८३ मध्ये त्याच्या लक्षात आले की, द्रावण नळाच्या पाण्याचे होते तोवर हृदय चालत होते, शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी घेताच बंद पडू लागले. फरक कॅल्शियमचा. म्हणजे रक्तातले कॅल्शियम एका अरुंद पट्ट्यात राहिलेच पाहिजे, नाहीतर हृदय, स्नायू, मज्जातंतू सगळेच बिघडते. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम, सुमारे एक किलो, हाडांत असते. रक्तात कमी पडले की गळ्यातल्या चिमुकल्या परावटू ग्रंथींचे संप्रेरक हाडातून ते काढून आणते.

हा व्यवहार बेताल झाला तर काय होते, हे अमेरिकेतल्या व्यापारी जहाजाच्या एका कप्तानाने भोगले. सहा फुटांहून उंच असलेला हा माणूस काही वर्षांत सहा इंचांहून जास्त खुजा झाला, हाडे पुन्हा पुन्हा मोडू लागली, मुतखडे झाले. १९२६ मध्ये निदान झाले: परावटूचे संप्रेरक प्रमाणाबाहेर. गळ्यात शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, गाठ सापडेना. १९३२ मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत ती छातीत सापडली. काही आठवड्यांतच तो गेला. त्याचे शरीर रक्त सांभाळण्यासाठी स्वतःचा सांगाडा खर्चत होते. हाडे मजबूत ठेवणे हे शरीराचे पहिले प्राधान्य नाही, ही गोष्ट या रुग्णाने डॉक्टरांना शिकवली.

अलीकडे उलटा प्रश्न विचारला जातो: हाड स्वतः हुकूम देते का? २००७ मध्ये हाडातले एक प्रथिन साखरेचे नियंत्रण करते असा दावा उंदरांवरच्या प्रयोगांतून झाला आणि गाजला. २०२० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी ते प्रथिन नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्या साखरेत काही बिघाड आढळला नाही. वाद चालू आहे. दुसरे प्रकरण मात्र पक्के आहे. हाडाच्या पेशी एक संप्रेरक सोडतात, ते मूत्रपिंडाला फॉस्फेट बाहेर टाकायला सांगते. २००० साली ते सापडले. एका आनुवंशिक मुडदुसात ते जास्त स्रवते, म्हणून साध्या ‘ड’ जीवनसत्त्वाने तो मुडदूस बरा होत नाही. त्या संप्रेरकाला अडवणारे औषध २०१८ पासून वापरात आहे, आणि ते मुलांच्या वाकलेल्या पायांच्या हाडांवर दिले जात असले तरी त्याचा खरा परिणाम मूत्रपिंडात घडतो.