पार्श्वभूमी : ओल्ड ट्रॅफर्डच्या जुन्याजाणत्यांना उशिरा फुटलेला कंठ

२००५ सालच्या दोन तारखा आधी सांगतो. १२ मे रोजी अमेरिकी उद्योजक माल्कम ग्लेझर यांनी मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबमधल्या दोन बड्या आयरिश भागधारकांचा हिस्सा उचलला आणि क्लब त्यांच्या मुठीत गेला. १८ नोव्हेंबरला त्याच क्लबचा कर्णधार रॉय कीन बारा वर्षं खेळून बाहेर पडला. परस्परसंमतीने, असं जाहीर झालं. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण आज टीव्हीवरच्या खुर्च्यांत बसून युनायटेडचे माजी खेळाडू क्लबच्या कारभाराची जी चिरफाड करतात, तिची मुळं शोधायची तर या दोन्ही तारखा हाताशी हव्यात.

कीनचं काय झालं होतं? ऑक्टोबरच्या शेवटी मिडल्सबरोने युनायटेडला ४-१ असं धुतलं. कीन जखमी असल्याने मैदानाबाहेर होता. क्लबच्या स्वतःच्या वाहिनीवर खेळाडूने सामन्याचं विश्लेषण करायचा एक कार्यक्रम असे, त्यासाठी त्याला बोलावलं. तो बोलला, आणि कीन बोलला म्हणजे जसा बोलतो तसाच बोलला. सहकाऱ्यांची नावं घेऊन त्याने त्यांचे वाभाडे काढले. क्लबने ते ध्वनिचित्रमुद्रण दाखवलंच नाही. तीन आठवड्यांत कर्णधार घराबाहेर. त्याचा रोख खेळाडूंवर होता, मालकांवर नव्हता, हे खरं. तरी ड्रेसिंग रूममधल्या बाकीच्यांना जो धडा मिळायचा तो मिळाला : घरातलं चव्हाट्यावर आणायचं नाही, आणणारा कितीही मोठा असो.

तसा कीनचा हा स्वभाव जुनाच. नोव्हेंबर २००० मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये डायनामो कीव्हला कसंबसं हरवल्यावर त्याने घरच्या प्रेक्षकांवरच तोफ डागली होती. चार घोट घ्यायचे, कोळंबीचं सँडविच खायचं आणि मैदानावर काय चाललंय याचा पत्ता नाही, अशा अर्थाचं तो बोलला. तेव्हापासून इंग्लंडमध्ये महागड्या कॉर्पोरेट खुर्च्यांत बसणाऱ्यांना ‘कोळंबी सँडविचवाले’ हे नाव चिकटलं ते कायमचं. ग्लेझर यायच्या साडेचार वर्षं आधीची ही गोष्ट. क्लबचा धंदा होतोय, ही तक्रार अमेरिकी मालकांबरोबर जन्माला आली नाही, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

कारण धंदा आधीच सुरू झाला होता. १९९१ साली युनायटेड लंडनच्या शेअर बाजारात उतरला. बाजारात उतरलेली वस्तू कोणीही विकत घेऊ शकतो. १९९८ मध्ये स्काय टीव्हीच्या कंपनीने ६२.३ कोटी पौंडांची बोली लावली होती. ब्रिटिश सरकारने १९९९ मध्ये ती अडवली, म्हणून क्लब वाचला. म्हणजे ज्या वाहिनीवर बसून आज युनायटेडच्या मालकांना झोडपलं जातं, त्याच वाहिनीला एकेकाळी मालक व्हायचं होतं. ही गंमत स्टुडिओतल्या चर्चेत फारशी निघत नाही.

मग आला घोडा. युनायटेडचे तेव्हाचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांना शर्यतींचा नाद. जॉन मॅग्नियर आणि जे. पी. मॅकमॅनस हे घोड्यांच्या दुनियेतले आयरिश धनवान त्यांचे मित्र, आणि क्लबमधले मोठे भागधारकही. ‘रॉक ऑफ जिब्राल्टर’ नावाच्या घोड्याने अव्वल दर्जाच्या सात शर्यती ओळीने जिंकल्या. शर्यतीतून निवृत्त झाल्यावर त्याच्या पैदाशीच्या हक्कांतून अफाट पैसा येणार होता. त्यात आपला वाटा किती, यावरून फर्ग्युसन आणि मॅग्नियर यांचं बिनसलं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. आयरिश जोडीने क्लबच्या संचालकांना खेळाडूंच्या खरेदी-विक्रीबद्दल तब्बल ९९ प्रश्न विचारले. २००४ मध्ये घोड्याचा तंटा कोर्टाबाहेर मिटला, पण मनं जुळली नाहीत. पुढच्याच वर्षी या दोघांनी आपला सुमारे २९ टक्के हिस्सा ग्लेझर यांना विकला. घोड्यापायी क्लब गेला, असं म्हणणं जरा अति होईल. नफा दिसला की असे लोक कधी ना कधी विकतातच. पण घरात राग नसता तर विक्री इतक्या सहज झाली असती का, हा प्रश्न उरतो.

आता व्यवहार कसा झाला ते पाहू, कारण पुढच्या वीस वर्षांचं दुखणं तिथेच आहे. क्लबची किंमत ठरली सुमारे ७९ कोटी पौंड. यातला मोठा भाग ग्लेझर यांनी कर्जाने उभा केला आणि बरंचसं कर्ज क्लबच्याच माथी मारलं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर, तुमचंच शेत विकत घ्यायचं, पैसे सावकाराकडून उचलायचे, बोजा त्याच शेताच्या सातबाऱ्यावर चढवायचा आणि हप्ते शेतातल्या उसातून फेडायचे. कर्जाचा एक हिस्सा तर इतका महाग होता की त्याचं व्याज १४.२५ टक्क्यांवरून २०१० मध्ये १६.२५ टक्क्यांवर गेलं. ग्लेझर येण्याआधी कित्येक दशकं हा क्लब जवळपास कर्जमुक्त होता. व्याज, परतफेड, फी आणि लाभांश मिळून ग्लेझर काळात क्लबमधून १०० कोटी पौंडांहून अधिक रक्कम बाहेर गेली, असे हिशेब ब्रिटिश वृत्तपत्रांनी वारंवार मांडले आहेत. क्लबच्या मैदानाचं, ओल्ड ट्रॅफर्डचं, छप्पर गळतं ते उगाच नाही. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर स्टँडवरून पाण्याचा अक्षरशः धबधबा कोसळताना जगाने पाहिला.

या सगळ्याला २००५ मध्ये विरोध कोणी केला? चाहत्यांनी. त्यातल्या काहींनी रागाने वेगळा क्लबच काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर, आणि तळच्या श्रेणीतून सुरुवात केली. खेळाडूंपैकी एकच नाव ठळक होतं : ओले गुन्नार सोल्शायर. भागधारक चाहत्यांची जी संघटना ग्लेझरना रोखू पाहत होती, तिचा तो आश्रयदाता होता. बाकी सगळीकडे चिडीचूप. युनायटेडचा खेळाडू गॅरी नेव्हिल हा संघटना बांधणारा, बंडखोर म्हणून ओळखला जाणारा गडी. २००३ मध्ये उत्तेजक चाचणी चुकवल्याबद्दल सहकारी रिओ फर्डिनंडला इंग्लंडच्या संघातून वगळलं तेव्हा संपाची भाषा करणाऱ्यांत तो पुढे होता. मालकांबद्दल मात्र तोही खेळत असेपर्यंत गप्पच राहिला.

हे समजण्यासारखं आहे. पगार देणाऱ्याविरुद्ध कोण बोलतो? त्यात खुद्द फर्ग्युसन मालकांच्या पाठीशी उभे. आणि सगळ्यात मोठं कारण, संघ जिंकत होता. २००७ ते २०१३ या काळात पाच वेळा लीग, २००८ मध्ये चॅम्पियन्स लीग. ज्या घरात दर दिवाळीला नवी साडी येते, तिथे भिंतीला गेलेला तडा कोण बघतो? २००९ मध्ये रोनाल्डोला ८ कोटी पौंडांना रेआल माद्रिदला विकलं, तरीही गाडी चालू राहिली, कारण गाडीवान फर्ग्युसन होते. त्यांनी मालकांचं अपयश झाकलं. मुद्दाम नव्हे, जिंकून.

एक प्रसंग मला नेहमी आठवतो. मार्च २०१० मध्ये युनायटेडचा माजी खेळाडू डेव्हिड बेकहॅम मिलान या इटालियन क्लबकडून खेळायला ओल्ड ट्रॅफर्डवर आला. मिलान ४-० असा हरला. तेव्हा चाहते हिरव्या-सोनेरी मफलरी घालून मालकांचा निषेध करत. क्लबचं मूळ नाव न्यूटन हीथ, त्याचे हे जुने रंग. मैदान सोडताना बेकहॅमने अशी एक मफलर उचलून गळ्यात घातली. स्टेडियम दणाणलं. नंतर विचारलं तर म्हणाला, मालकीचा विषय माझा नाही, मी आपला क्लबचा चाहता. माजी खेळाडूंच्या निषेधाची उंची तेव्हा एवढीच होती : मफलर गळ्यात, जबाबदारी नको.

२०१३ मध्ये फर्ग्युसन आणि मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल एकाच उन्हाळ्यात गेले. गिल यांच्या जागी आले एड वुडवर्ड, म्हणजे ग्लेझरना क्लब विकत घ्यायला मदत करणारे बँकर. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. डेव्हिड मोयेस यांना सहा वर्षांचा करार, दहा महिन्यांत नारळ. मग व्हान हाल, मोरिन्यो, सोल्शायर, रांगनिक, टेन हाग, अमोरिम. प्रत्येकाची फुटबॉलची पद्धत वेगळी, त्यामुळे आधीच्याने आणलेले खेळाडू पुढच्याला नकोसे. २०१२ मध्ये हातून जाऊ दिलेला पोग्बा २०१६ मध्ये ८.९ कोटी पौंड मोजून परत आणला. २०१८ मध्ये वुडवर्ड गुंतवणूकदारांना सांगत होते की मैदानावरच्या कामगिरीचा व्यापारावर फारसा परिणाम होत नाही. धंद्याच्या दृष्टीने कदाचित खरंही असेल. पण असं वाक्य ज्या क्लबच्या कारभाऱ्याच्या तोंडून निघतं, तिथे संघबांधणी कुणाच्या अजेंड्यावर असेल?

याच वर्षांत फर्ग्युसनचे शिष्य टीव्हीच्या स्टुडिओत स्थिरावले. नेव्हिल २०११ पासून स्कायवर. पॉल स्कोल्स, फर्डिनंड आणि काही काळ प्रशिक्षकपद करून आलेला कीनही. टीका सुरू झाली, पण नेम कुणावर? प्रशिक्षकावर, नाहीतर खेळाडूवर. स्कोल्सने पोग्बाला झोडपलं तेव्हा मोरिन्यो उखडले. स्कोल्स टीकेपलीकडे काही करत नाही आणि इतिहासात त्याचं नाव खेळाडू म्हणून राहील, समालोचक म्हणून नाही, असा टोला त्यांनी जानेवारी २०१८ मध्ये हाणला. पुढे स्कोल्स ओल्डहॅमचा प्रशिक्षक झाला आणि ३१ दिवसांत बाहेर आला. नेव्हिल त्याआधीच स्पेनच्या व्हॅलेन्सिया क्लबचा प्रशिक्षक होऊन चार महिन्यांत तोंडघशी पडून आला होता. बोलणं सोपं, हा आक्षेप त्यामुळे दोघांच्याही पाठी लागला.

सोल्शायर प्रशिक्षक झाल्यावर तर पंचाईतच झाली. मार्च २०१९ मध्ये पॅरिसमध्ये पीएसजी या तिथल्या क्लबवर विजय मिळाला आणि फर्डिनंडने टीव्हीवरच सांगून टाकलं : करार टेबलावर ठेवा, ओलेला हवा तो आकडा लिहू द्या. त्याच महिन्यात ओले कायम झाला. ग्लेझरना रोखायला निघालेला माणूस ग्लेझरांचा नोकर झाला होता, आणि त्याचे मित्र पंच म्हणून बसले होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये लिव्हरपूलने घरात येऊन ५-० केलं, तरी त्याला काढा असं म्हणताना नेव्हिलची जीभ रेटेना.

तोवर मालकांविरुद्धचा मोठा स्फोट होऊन गेला होता. १८ एप्रिल २०२१ ला सुपर लीगची बातमी फुटली. युरोपातले बडे क्लब स्वतःची बंदिस्त स्पर्धा काढणार, जिथे खालच्या श्रेणीत ढकललं जाण्याची भीतीच नाही. युनायटेड त्यात अग्रभागी. नेव्हिल स्कायवर अक्षरशः पेटला. आपण चाळीस वर्षांचे युनायटेड चाहते आहोत आणि आपल्याला किळस आली आहे, असं त्याने सांगितलं. दोन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब मागे फिरले, वुडवर्ड यांनी जाण्याची घोषणा केली. २ मे रोजी चाहते मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. नेव्हिलचा संताप खोटा होता असं मला वाटत नाही. पण १६ वर्षं कुठे होतास, हा चाहत्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. शिवाय ज्या स्पर्धेच्या प्रक्षेपणावर स्कायचं दुकान चालतं, त्याच दुकानाला सुपर लीगमुळे धोका होता. ग्लेझरांना मात्र याचं फारसं काही वाटलं असावं असं दिसलं नाही. सहाच महिन्यांत, ऑक्टोबर २०२१ मध्ये, माल्कम यांचे पुत्र अवराम ग्लेझर यांची कंपनी आयपीएलच्या नव्या संघासाठी बोली लावायला हजर होती. संघ मिळाला नाही म्हणून, नाहीतर आपल्याकडच्या चहाच्या टपरीवरही ग्लेझरांचा उद्धार झाला असता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये, पुन्हा युनायटेडमध्ये आलेल्या रोनाल्डोने मुलाखत दिली. फर्ग्युसन गेल्यापासून क्लब एक पाऊल पुढे गेलेला नाही, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा सगळं होतं तसंच आहे आणि ग्लेझरांना क्लबची पर्वा नाही, असं तो म्हणाला. त्यात स्वतःचं दुखणं भरपूर मिसळलं होतं. त्याला बाकावर बसवलं जात होतं. नेव्हिल आणि वेन रूनी या जुन्या सहकाऱ्यांनाही त्याने सोडलं नाही. २२ नोव्हेंबरला त्याचा करार संपवला. त्याच दिवशी संध्याकाळी ग्लेझरांनी क्लब विकण्याचाही विचार करत असल्याचं जाहीर केलं. मालकांवर नाव घेऊन बोलणारा चालू संघातला हा सर्वात मोठा खेळाडू, आणि त्याचाही कीनच झाला.

पूर्ण विक्री झालीच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योजक जिम रॅटक्लिफ यांनी चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक वाटा घेतला आणि फुटबॉलचा कारभार हाती घेतला. माजी खेळाडूंनी सुरुवातीला सुटकेचा निःश्वास टाकला. निदान माणूस मँचेस्टरकडचा, चाहता. मग टेन हाग यांचा करार जुलैत वाढवला, ऑक्टोबरमध्ये त्यांना काढलं. क्रीडा संचालक डॅन अ‍ॅशवर्थ पाच महिन्यांत गेले. शेकडो कर्मचाऱ्यांना घरी बसवलं. फर्ग्युसन यांचं वर्षाला २० लाख पौंडांहून जास्त मानधनाचं सदिच्छादूतपदही बंद केलं. त्यावर फर्ग्युसन यांचा जुना खेळाडू एरिक कॅन्टोना भडकला, हा निव्वळ अनादर आहे असं त्याने जाहीरपणे लिहिलं. फर्ग्युसन यांच्या मानधनावर गहिवरावं का, यावर मतभेद होऊ शकतात. नोकरी गेलेल्या साध्या कर्मचाऱ्यांसाठी तितक्या मोठ्या आवाजात किती जण बोलले, हे मात्र मोजण्यासारखं आहे. नेव्हिल दरम्यान ओल्ड ट्रॅफर्ड परिसराच्या विकासासाठी नेमलेल्या कृतिगटात बसला होता. एक पाय स्टुडिओत, एक पाय समितीत.

२०२४-२५ चा हंगाम पंधराव्या क्रमांकावर संपला, ४२ गुणांसह. बिल्बावमध्ये युरोपा लीगची अंतिम फेरीही टॉटनहॅमकडून हरली. ऑगस्टमध्ये चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबीने लीग कपमधून पेनल्टीवर १२-११ असं बाहेर काढलं. २००५ च्या सातबाऱ्यावरचा बोजा तेव्हाही उतरलेला नव्हता. स्टुडिओत चर्चा रंगली ती मात्र अमोरिम यांच्या तीन बचावपटूंच्या रचनेची.